तिसऱ्या बेसची सरकी

जालन्याच्या आमच्या बेसबॉल संघाचा तिसरा बेस म्हशीनं खाल्ला. म्हैस आमचीच होती.

आधी संघाचा इतिहास सांगतो, थोडकाच आहे. आमचे अप्पा शाळेत पीटीचे सर. एकदा कबड्डीच्या शिबिराला गेल्ते. तिथं कबड्डीच्या जागा भरलेल्या, म्हणून त्यांना बेसबॉलमध्ये बसवलं. परत आले ते खुळावूनच. घरासमोरच्या मैदानावर त्यांनी संघ उभा केला: रिक्षावाले, बियाणं कंपनीतले हमाल, बँकेचा शिपाई. आईनं बियाण्याच्या रिकाम्या पोत्यांच्या तीन पिशव्या शिवल्या. त्यात वाळू भरली की झाले बेस. संघ वर्षानुवर्षं खेळला आणि इमानदारीनं हरला. त्यात एकदाही खाडा न्हाई.

मागल्या वर्षी शेजारच्या मोठ्या शहराचा संघ खेळायला येणार होता. आदल्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "उद्या हरलो तर बॅटा माळ्यावर. गडी कंटाळले, मी बी थकलो." अप्पांच्या तोंडी 'थकलो' हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. आईचा घास हातातच राह्यला.

माझं काम बेस भरायचं. (खेळाडू म्हणून अप्पांनी मला पहिल्याच दिवशी बघून बाहेर बसवलं होतं.) दोन पिशव्यांत वाळू भरली आणि कंबर धरली. तिसरीसाठी खाली वाकवेना. गोठ्यात सरकी होती, म्हशीचा सकाळचा खुराक. हलकी, मऊ. भरली, तोंड शिवलं. कोण बघतंय? (म्हैस बघत होती.)

सामना शेवटच्या डावापर्यंत बराबरीत आला. आमचा सलीम रिक्षावाला तिसऱ्या बेसवर उभा. तिथून तो होमवर, म्हणजे बॅटवाला उभा राहतो तिथं, पोचला की रन, आणि रन झाला की जीत. तेवढ्यात उपाशी म्हैस दावं तोडून मैदानात आली. तिनं बेसचा कोपरा तोंडात धरला आणि घराकडं ओढत निघाली. आमचं घर होमच्या बराबर मागं.

"अप्पा, ये तो बेस लेके जा री!"

"पाय उचलू नको, सलीम! बेसवर पाय हाय तोवर औट न्हाई. लंगडी घाल!"

एक पाय बेसवर, दुसऱ्यानं उड्या मारत सलीम म्हशीमागं होमवर पोचला. होममागं चेंडू धरायला बसणारा त्यांचा कॅचर तोवर कुंपणावर चढला होता. सगळे नाचले. मी सगळ्यात जास्त.

पंच म्हणून आलेल्या गुरुजींनी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून चाळलं. म्हशीवर एक ओळ न्हाई. त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हैस कुणाची?"

मी आभाळाकडं बघितलं. वाटलं, अप्पाही बघतील. अप्पांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. "माझी हाय, गुरुजी."

"मंग हा रन धरता येत न्हाई. तुमच्याच गड्यानं मदत केल्यासारखं झालं." (म्हैस संघात आली. मी अजून बाहेरच.)

सलीमला परत तिसऱ्यावर जायचं होतं, पण तिसरा उरला कुठं? नुसती चघळलेली चिंधी आणि मातीत सांडलेली सरकी. अप्पांनी मूठभर उचलली, हुंगली आणि माझ्याकडं बघितलं.

"वाळू कुठाय?"

"जड होती."

"बस इथं."

"कुठं?"

"बेसच्या जागी. अन् बिलकुल हलायचं न्हाई."

मी मांडी घालून बसलो. "माफ करना भाईजान," म्हणत सलीमनं माझ्या मांडीवर पाय ठेवला. पुढच्याच चेंडूला बँकेच्या शिपायानं असा टोला हाणला की चेंडू पार लिंबाच्या झाडापलीकडं गेला. सलीम माझ्या मांडीला रेटा देऊन सुटला तो थेट होमवर.

जिंकलो. कुठल्याही जनावराच्या मदतीशिवाय, सरळ. अप्पा मातीतच बसले आणि रडले. मीही रडलो, लाज कसली? खोटं बोलून पाच मिनिटं आधी जिंकता आलं असतं, तरी हात वर करणारा माझा बाप आहे.

बॅटा अजून खालीच आहेत. त्या दिवसाचा फोटो आमच्या बैठकीत लावलाय. अख्खा संघ, मधोमध अप्पा, शेजारी गळ्यात हार घातलेली म्हैस. पाहुणे जवळ जाऊन विचारतात, "मागं मैदानात ते पोतं कशाचं पडलंय?"

ते पोतं न्हाई, मी आहे. ऊठ म्हणायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.