वजिराविना खेळणारी सुजाता

भावाचा फोन आला तेव्हा मी दौंडला क्वार्टरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. "ताई, सुजाता गेली," तो म्हणाला. सुजाता म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. मूत्रपिंडाचं दुखणं बऱ्याच वर्षांचं होतं, तरी असं भर दुपारी... तोंडातून एवढंच निघालं, "आप्पा कुठं होते?" "आप्पा तिच्याजवळच की," भाऊ म्हणाला. त्या घटकेलाही ते मला टोचलं. सुजाताविषयी लिहायचं आणि तिचा मला वाटणारा हेवा वगळायचा, तर माझ्याजवळ लिहिण्यासारखं फारसं उरतच नाही.

बुद्धिबळ आमच्या घरात वडिलांनी, म्हणजे आप्पांनी आणलं आणि मला दिलं. भावाला त्यात गोडी नव्हती. तळेगाव ढमढेऱ्याला आमच्या ओट्यावर पट मांडला की आप्पांसमोर मी, हा शिरस्ता. "दबकायचं न्हाई. वजीर काढ आन् राजाला भिड," ही त्यांची शिकवण. शाळेत असताना मी तालुक्यात पहिली आले. लग्न होऊन दौंडला गेले, तरी माहेरी पाऊल टाकलं की चहाआधी एक डाव ठरलेला. ती समोरची जागा माझी, यात मला कधी शंकाच आली नव्हती.

मग सुजाताला आठवड्यातून दोनदा शिरूरला डायलिसिससाठी न्यावं लागलं. भाऊ कोरेगावकडच्या कंपनीत, त्याची शिफ्ट सुटायची नाही. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी आप्पाच तिला जीपनं न्यायचे. एका हातात सुया, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हातात मोबाइल. वेळ जावा म्हणून आप्पांनी तिला त्यावर, जगभरातल्या कुणाशीही खेळता येतं अशा एका ॲपवर, बुद्धिबळ शिकवलं. सुरुवातीला ती कुणाशीही हरायची, वजीर तर दर डावात फुकट घालवायची. आप्पा फोनवर हसत सांगायचे, मीही हसायचे. हळूहळू त्यांच्या आवाजातलं हसू गेलं आणि कौतुक आलं. "रेटिंग चढाय लागलं बघ तिचं." "आज ब्राझीलचा एक गडी हरवला." मी "हो का" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

वजीर सांभाळता येईना, तेव्हा तिनं आपला निराळाच मार्ग काढला. संधी मिळताच वजिराला वजीर देऊन टाकायचा. दोन्ही वजीर पटावरून गेले की समोरच्याचा उत्साह मावळायचा आणि हिचा खेळ सुरू व्हायचा. प्यादी एकमेकांना धरून सरकायची, राजा स्वतः चालत मधे यायचा. घड्याळ लावून पटपट संपवायचे डाव ती घ्यायचीच नाही. "वजीर गेला की पसारा आवरल्यावानी वाटतं," म्हणायची. आप्पांच्या शिकवणीच्या अगदी उलट, आणि आप्पा त्यावर खूश! माझ्यातला जो सावधपणा त्यांनी भित्रेपणा म्हणून मोडून काढला, तोच तिच्यात शहाणपणा कसा ठरला?

उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा मीच म्हणाले, "ये सुजाता, बसू." समोरासमोर एकदा हरवली की विषय संपेल, असं डोक्यात होतं. आप्पा तिच्या बाजूला बसले. मी वजीर काढला, दोन प्यादी मारली. तिनं शांतपणे वजिराला वजीर आणून भिडवला. मारामारी टाळता आली नाही, दोन्ही वजीर गेले. पुढं तिचं कडेचं एक प्यादं चालतच राहिलं... मी डाव सोडला. आप्पा शाबास म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या मनगटाला बोटं लावली. डायलिसिससाठी जोडलेली शीर तिथं थरथरते, ती चालू आहे ना हे घरच्यांना बघावं लागतं. "चालू हाय," म्हणाले. त्या बोटांचाही मला हेवा वाटला.

नंतर भाकरी थापता थापता सुजाता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, आप्पा तुमचंच हायेत. मला निस्तं मंगळवार-शुक्रवार असू द्या."

"असं काय गं बोलतीस?" मी म्हणाले. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

सुजातामागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, मी आप्पांजवळ राहिले. "मांडू का पट?" विचारलं, तर "नको" म्हणाले. आता ते रोज सकाळी तिचा मोबाइल घेऊन बसतात. तिचे जुने डाव त्यात सगळे आहेत. एक डाव लावायचा, तिची पाळी आली की थांबायचं, ती काय खेळली असेल ते ओळखायचं आणि मग बोट सरकवायचं. त्या दिवशी मी शेजारी बसले होते.

"घोडा मागं घेतला असंल," आप्पा म्हणाले.

"नाही. हत्ती दिला तिनं, घोड्याच्या बदल्यात. मग राजा मधे आणला."

त्यांनी बोट सरकवलं. हत्तीच दिला होता. थोड्या खेळ्यांनी राजाही मधे आला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "तुला कसं ठावं?"

काय सांगणार? त्या ॲपवर कुणाचेही डाव कुणालाही बघता येतात. ती कुठं चुकते ते शोधायला, दौंडला बसून मी तिचा एकेक डाव कितीदा तरी पाहिला होता. तिचा खेळ माझ्याइतका कुणालाच पाठ नव्हता... आप्पांनाही नाही.

"बघितला होता मी," एवढंच म्हणाले आणि मोबाइल घ्यायला हात पुढं केला. आप्पांनी तो दिला नाही, छातीशी धरला.

"तू बोलू नगंस आता," म्हणाले. "फुडचं मला वळखू दे."