खिडकीबाहेरचे मूकपट

गिरीज गावात आमची स्वतःची केळीची वाडी नव्हती. दुसऱ्याच्या वाडीत आईबाप राबायचे आणि वाडीच्या टोकाला, पंपाच्या खोलीला लागून, पत्र्याच्या खोपटात आम्ही तिघं राहायचो. बाबा केळीचे घड उतरवायचे, आई पानं कापून गठ्ठे बांधायची. मजुरी हातात पडेपर्यंत भाकरी आणि वाडीत सापडेल तो पाला, एवढंच जेवण.

टीव्ही मालकांच्या बंगल्यात होता. संध्याकाळी हातपाय धुऊन आम्ही त्यांच्या अंगणात उभे राहायचो. डास येतात म्हणून मालकीण खिडकी लावून घ्यायची. आत या, असं कुणी म्हणायचं नाही. मजुरांनी अंगणापर्यंतच यायचं, हे ठरलेलं होतं. काचेतून चित्र दिसायचं, आवाज नाही. मग आईच संवाद बोलायची. मालिकेतली दागिन्यांनी मढलेली सासू डोळे वटारायला लागली की आई म्हणायची, "माझी वांगी कोनी नेली गं, भवाने?" बाबांना हसता हसता खोकला यायचा. चेहरे वाचायला मी तिथं शिकले. शाळेत नाही.

पुढे कॉलेजात शेवटच्या वर्षाला सिनेमाचा पेपर होता. सरांनी दोन मूकपट दाखवले आणि तुलना लिहून आणायला सांगितली. एक साहसपट. घोडागाड्या घेऊन माणसं नव्या मुलखात घुसतात, कुंपणं घालतात, तिथल्या मूळ माणसांना हरवतात. दुसरी प्रेमाची विनोदी गोष्ट, मोलकरणीची आणि मालकाच्या मुलाची. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, स्पीकर गेला काय?" वर्ग हसला. आवाज नाही हे मला जाणवलंसुद्धा नव्हतं.

बाकीच्यांनी पाठलागांवर आणि धडपडण्यावर लिहिलं. मी लिहिलं, कॅमेरा कुणाच्या चेहऱ्याजवळ जातो ते बघा. ज्यांची जमीन गेली ते शेवटपर्यंत लांब टेकडीवर, मुंगीएवढे. मोलकरीणही लांबच, ताट घेऊन येणारी. मालकाच्या मुलाचा जीव जडला की मगच तिचा चेहरा पडदाभर होतो. साहसपट मला आवडला नाही. दुसरा बघताना मी हसले, आणि हसल्याचा राग आला.

सरांनी मला वर्गात उभं केलं. "हे कुठून उतरवलंस?" मग आईवडील काय करतात ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुरावा मिळाल्यासारखी. निबंध बाद झाला तर वर्ष जाणार होतं, आणि मला आणखी वर्षभर शिकवायची ताकद घरात नव्हती.

मी म्हटलं, "सर, मी न पाहिलेला कुठलाही मूकपट लावा. मधल्या संवादांच्या पाट्या झाका. मी सांगते."

त्यांनी लावला. पाटी आली की प्रोजेक्टरसमोर फाइल धरायचे. पडद्यावर नवरा-बायको जेवायला बसले होते. मी म्हटलं, याची नोकरी गेलीय, हा लपवतोय. तिला कळलंय, म्हणून ती त्याच्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघतेय. सरांनी फाइल खाली घेतली. पाटीवर तेच होतं.

"खाली बस," ते म्हणाले. गुण दिले, पास होण्यापुरते.

घरी मी सगळं सांगितलं. आईने विचारलं, "माफी मागितली का त्यानी?"

"नाही."

"बसायला तरी सांगितलं," ती म्हणाली, आणि पानांचा गठ्ठा आवळू लागली.

त्या वर्षी मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.