डोंगर फोडून आलेला रस्ता

माझं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या उघड्या माळावरचं. तिथं येणारा माणूस फार लांबून दिसायचा. लग्न होऊन लोंढ्यापलीकडच्या जंगलात आले, तेव्हा पहिले काही दिवस जीव कोंडल्यासारखा व्हायचा. घरं थोडकी, आणि घरांच्या पाठीशी सरळ उभा डोंगर. पावसाळ्यात ओढा फुगला की गाव जे तुटायचं, ते दसऱ्यालाच मोकळं व्हायचं.

माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणत असे, तिची दोन बाळं अशाच पावसात गेली होती. एक पोटातच अडलं, दुसऱ्याला ताप चढला. दोन्ही वेळा डोली ओढ्याच्या काठावरून परत आली. हे ती कधी रडून सांगायची नाही. भाकरी थापता थापता सांगायची, आणि थापणारा हात थांबायचा नाही.

माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत डोंगरात खाण निघाली. साहेब लोक मॅंगनीज म्हणायचे, आम्ही नुसतं काळा दगड. कंपनीनं आधी रस्ता केला. साग तोडले, ओढ्यावर दगडी मोरी बांधली आणि थेट लोंढा स्टेशनापर्यंत लॉरी जाईल अशी वाट काढली. मागोमाग पत्र्याचा दवाखाना आला, त्यात एक कंपाउंडर. पोरांसाठी शाळा निघाली. गावातले बाप्ये खणायला आणि बाया बुट्टीनं दगड वाहायला जाऊ लागल्या. बायांमध्ये पहिली गेली ती आक्का.

सासरे, म्हणजे आप्पा, तेवढे गेले नाहीत. रोज दुपारी सुरुंग उडायचे. फळीवरची पितळी भांडी थरथरायची, आढ्याची माती ताटात पडायची. सुरुंगाच्या आधीच म्हैस दावं ताणून उभी राहायची. रात्री शेतात येणारे गवे यायचे बंद झाले. बाकीच्यांना बरं वाटलं, पीक वाचलं म्हणून. आप्पा मात्र म्हणाले, "जनावरं उगच जागा सोडत न्हाईत."

पुढच्या पावसाळ्यात झऱ्याचं पाणी तांबडं यायला लागलं. कपड्यातून गाळलं तरी तळाला काळा गाळ बसायचा. मग आप्पांना खाणीच्या वरच्या अंगाला जमिनीत भेग दिसली. पाय घातला तर गुडघा आत जाईल एवढी. मुकादमानं तिच्यात माती भरून घेतली. चार दिवसांनी ती माती आत गेली होती आणि भेग रुंद झाली होती.

त्या संध्याकाळी आप्पांनी सगळ्यांना समोर बसवलं. "उद्यापासनं कुणी खाणीवर जायाचं न्हाय. डोंगर सुटलाय."

माझे थोरले दीर खाली बघत राहिले. बोलली ती आक्का. सासऱ्यांसमोर तिनं आवाज चढवलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "आप्पा, माझी दोन गेली तवा डोंगर धड होता, पर रस्ता न्हवता. आता ह्या धाकटीचे दिस भरत आलेत. खाण बंद पडली तर लॉरी येणार हाय का हिच्यासाठी?"

आप्पा उठून ओसरीवर गेले आणि डोंगराकडे तोंड करून बसले. त्या दिवसापासून ते तिथंच झोपायचे.

श्रावण सरता सरता मला कळा सुरू झाल्या. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. कंपाउंडरनं बघितलं आणि म्हणाला, हे माझ्या हातचं नाही, बेळगावला न्या. पाऊस धो धो कोसळत होता. मला दगडाच्या लॉरीत पुढं बसवलं, आक्कानं पाठीमागून धरलं. मोरीवरून जाताना खालचं पाणी मला दिसलं. काळं, फेसाळ, मोठमोठी झाडं मुळासकट वाहून नेणारं. आक्कानं माझे डोळे हातानं झाकले.

लोंढ्याला गाडी मिळाली. बेळगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला सोडवलं. मुलगी झाली. आक्कानं तिला पदरात घेतलं ते खाली ठेवायलाच तयार नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझे मालक दारात उभे राहिले. गुडघ्यापर्यंत तांबडा चिखल वाळलेला. मुलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"डोंगर आला," ते म्हणाले.

"गाव?" आक्कानं विचारलं.

"गाव हाय. आप्पांनी आदीच समद्यांस्नी बाहेर काढलं."

"आन् हे?"

मालकांनी हळू आवाजात सांगितलं. भेग फाकताना आप्पांनी बघितली आणि घराघरांतून माणसं ओढून बाहेर काढली. अण्णा, म्हणजे माझे दीर, खाणीतल्या लोकांना हाक द्यायला खाली धावले. काही जण वर आले. अण्णा आले नाहीत.

आक्कानं मुलीला माझ्याजवळ दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळपर्यंत तशीच होती.

आम्ही परतलो ते त्याच रस्त्यानं. रस्ता शाबूत होता, मोरीही. खाण मात्र नव्हती, नुसता ओला ढिगारा. खाली किती जण राहिले हे शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. बरेच मजूर लांबून आलेले होते, त्यांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती.

कंपनीनं थोडे महिने उकरून बघितलं आणि गाशा गुंडाळला. दवाखान्याचे पत्रे काढायला माणसं आली तेव्हा आक्का दारात बसली. "ह्याच्यासाठी माझं माणूस गेलंय. हात लावा बघू." ती माणसं परत गेली.

पुढं ती बेळगावला डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली राहून सुईणपण शिकून आली आणि त्याच पत्र्याखाली बसू लागली. दर दिवाळीनंतर आम्ही बाया पाटी-फावडं घेऊन रस्त्याचे खड्डे भरायचो. आजूबाजूच्या वाड्यांतून बैलगाड्या येऊ लागल्या. बाळंतिणीची डोली ओढ्यावरून परत फिरली असं त्यानंतर झालं नाही. माझी मुलगी लोंढ्याच्या शाळेत गेली. हे सगळं खाणीनंच दिलं, हे मी कधी नाकारलं नाही. पण जोराचा पाऊस लागला की गावात अजूनही कुणी झोपत नसे. डोंगरातून कधी कधी खोल, लाकूड मोडल्यासारखा आवाज येई.

इंग्रज जायच्या वर्षी एका मोटारीतून नवीन माणसं आली. डोंगराच्या दक्षिण अंगाला, गावाच्या वरच्या आळीच्या डोक्यावर, हातोडीनं दगड ठोकत हिंडली. तरणी पोरं त्यांच्या मागून खुशीत फिरत होती. आक्का काठी टेकत वर गेली.

"हितं खणलासा तर वरच्या आळीचं काय?"

"ते बघू नंतर," त्यातला एक हसून म्हणाला.

"नंतर म्हंजे कवा?"

तो पुन्हा दगडाकडे वळला. आक्का खाली आली आणि वरच्या आळीत, घरं हलवा म्हणत, घरोघरी गेली. आप्पा तेव्हा नव्हते. कुणी तिचं ऐकलं, कुणी तिला वेडी म्हणालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांनी ऐकलं त्यांच्या घरांची कौलं आम्ही उतरवायला लागलो.