धाकलाले काढी टाक

ती घटना अजून डोक्यातून गेलेली नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात महिला शिपाई होते. मालक पोलिसात नोकरीला असताना वारले, म्हणून मला खात्यात घेतले. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे जबाब लिहायचे काम माझ्याकडे नसे. बायकांची झडती आणि दवाखान्याची ड्युटी, एवढेच.

जवळच्या खेड्यात दोघे भाऊ घरच्या अंगणात गाडीचे मागचे स्प्रिंग बदलत होते. जॅक सरकला आणि धाकटा गाडीखाली दबला. धुळ्याच्या दवाखान्यात तो बेशुद्ध होता. आम्ही अपघाताची नोंद केली. दुपारी शेजारचा म्हातारा ठाण्यात आला.

"साहेब, दोन्ही भाऊस्ना वावरना, शेतना वाद शे. मोठा वरडना, 'धाकलाले काढी टाक!' आनि लगेच गाडी खाले पडनी."

साहेब सांगलीकडचे. त्यांनी जबाबात शुद्ध करून लिहिले, 'धाकट्याला काढून टाक.' त्याचा अर्थ त्यांनी 'संपव' असा घेतला आणि मोठ्याला खुनाच्या प्रयत्नात अटक झाली.

"असं म्हणालास का?" साहेबांनी विचारले.

"हो साहेब. मीच म्हणलो. चूक मन्ही शे."

"कुणाला म्हणालास?"

"त्यालेच."

"त्यालाच मारायचं होतं, ते कळलं. पण सांगितलंस कुणाला?"

तो भिंतीकडे बघून रडायला लागला. साहेबांनी ती कबुली धरली. मग दोन दिवस आम्ही स्टँड, गॅरेज, चहाच्या टपऱ्या पालथ्या घालून जॅक सरकवणारा तिसरा माणूस शोधत होतो. मला एक खटकत होते. आमच्याकडे माणसाला 'मारी टाक' म्हणतील. 'काढी टाक' वस्तूला म्हणतात. पण साहेबांपुढे मी कधी बोललेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या आईकडे हवालदारांबरोबर मला पाठवले. गाडी अंगणात तशीच कलंडलेली. म्हातारी म्हणाली, "मोठा तुम्हना साहेब लई ग्यात. धाकला तठेच पडेल शे. तोबी लई जा माय."

मी दचकले. "आक्का, धाकला तर दवाखान्यात शे ना?"

"मन्हा पोरगा नही वं, तो जॅक." तिने हनुवटीने दाखवले.

मागच्या एक्सलखाली एक छोटा जॅक पडला होता. साहेबांनी जप्त केलेला मोठा ट्रकचा जॅक विटांवर ठेवून त्यांनी गाडी उचलली होती आणि छोट्यावर एक्सल तोलला होता. छोटा काढल्याशिवाय एक्सल खाली येत नाही आणि स्प्रिंग सुटत नाही. घरात दोन्ही जॅकना मोठा आणि धाकला म्हणत. मोठा भाऊ गाडीखालच्या भावालाच तो छोटा जॅक काढायला सांगत होता. तेवढ्यात मोठ्या जॅकखालची वीट फुटली.

ठाण्यात येऊन मी साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी जबाबाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "बाई, तीन दिवस तोंडात काय धरलं होतं?"

चौथ्या दिवशी धाकटा शुद्धीवर आला. त्याचा जबाब जुळला. त्याचे पहिले बोलणे मी दवाखान्यात स्वतः ऐकले. "दादाले इचारा, स्प्रिंग बसनी का?"

मोठा सुटला. साहेब पुढे जबाब बोलीतच लिहून घेऊ लागले आणि शब्दाचा अर्थ मला विचारू लागले. त्यांची भाषेची चूक होती, ती सुधारली. मला तर भाषा येत होती. तरी त्या माणसाने दोन रात्री जास्तीच्या कोठडीत काढल्या, त्या माझ्या गप्प बसण्याच्या.