गिटार खालच्या पट्टीत

गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज बदलला. बोलताना कुणाला ते जाणवायचं नाही. पण गायला लागले की वरच्या सुरांपाशी नुसती हवा फुटायची. डॉक्टर म्हणाले होते, बोलायला त्रास होणार नाही. गाण्याचं मी विचारलंच नव्हतं.

गिटार नवऱ्याने आणलेली. तो जहाजावर इंजिन रूममध्ये काम करतो. एकदा सुट्टीवर येताना कुठल्याशा बंदरातून ती घेऊन आला. मोबाईलवर बघून बघून मी वाजवायला शिकले. ऑपरेशननंतर मात्र ती कपाटाशेजारी उभीच राहिली. दमटपणा लागू नये म्हणून सासूबाईंनी तिच्यावर जुनं लुगडं घातलं होतं. येता-जाता मला वाटायचं, कुणीतरी पदर घेऊन कोपऱ्यात बसलंय.

एका दुपारी सासूबाई ओटीवर आमसुलं पसरत होत्या. समुद्राकडून वारा येत होता आणि सगळं घर पेंगत होतं.

"काय गो, हल्ली गुणगुणत पण नायस?" त्यांनी विचारलं.

"आवाज चढत नाही, आई."

"मग चढवतेस कशाला? आमच्या भजनात पेटीवाला आधी विचारतो, कुठली पट्टी देऊ म्हणून."

त्या परत आमसुलांकडे वळल्या. मी मात्र तिथेच बसून राहिले. इतके महिने मी गळ्यालाच ओढत होते. तारा सैल करता येतील, हे डोक्यात आलंच नव्हतं.

लुगडं काढलं, गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड तारेची खुंटी उलटी फिरवली. सूर खाली घसरला, जरा गुरगुरला आणि थांबला. मग बाकीच्या तारा एकेक करून तेवढ्याच उतरवल्या. आधी अर्धा स्वर. गाऊन पाहिलं, तरी गळा आवळला. मग आणखी अर्धा. बोटं नेहमीच्याच जागी ठेवायची, पण निघायचा तो सूर खालचा. उजेड होता तोच, तरी खोली संध्याकाळकडे झुकल्यासारखी वाटली. तारा आता मऊ लागत होत्या. जोरात छेडल्या की दांडीवरच्या पडद्यांवर खरखरायच्या, म्हणून हलकेच वाजवू लागले.

आणि गायले. आवाज कुठे अडला नाही. पण तो माझा वाटत नव्हता. जाडसर, थोडा धुरकट, जणू कुणी पोक्त बाई माझ्या छातीत बसून गातेय. मी मधेच थांबले.

"थांबलीस का?" ओटीवरून सासूबाई म्हणाल्या. "म्हण ना."

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. जहाज बंदराला लागलं होतं. मी काहीच न सांगता फोन उशीवर ठेवला आणि एक कडवं म्हटलं.

"कोण आलंय घरी?" त्याने विचारलं. "कोण गात होतं?"

"मीच."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि यंत्रांची घरघर कमी झाली. ऑपरेशनच्या वेळी त्याला येता आलं नव्हतं. ते त्याला तेव्हा आठवलं असावं. निदान मला तरी आठवलं.

"परत म्हण," तो म्हणाला. "सुरुवातीपासून."

पुढच्या सुट्टीत त्याने जाड तारा आणल्या आणि खरखर गेली. आता गिटार कायम त्याच खालच्या पट्टीत असते. तो सुट्टीवर असला की आम्ही कधी आरे-वारेच्या किनाऱ्यावर जातो, सुरूच्या झाडांच्या सावलीत बसतो. तो डोळे मिटून पडतो आणि मी लाटांच्या गाजेखालून वाट काढत गाते. काही गाणी सोडून द्यावी लागली. ती कुठल्याच पट्टीत बसली नाहीत.

दुपारी डुलकी लागते तेव्हा कधीकधी स्वप्नात मी जुन्या आवाजात गात असते, अगदी वर, सहज. जाग आली की लगेच उठत नाही. माडांच्या झावळ्यांची सळसळ ऐकत थोडा वेळ तशीच पडून राहते.