बरणीतलं नेलकटर

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या लॅबचं छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी लॅब महिनाभर बंद झाली. माझा प्रयोग मात्र थांबवता येत नव्हता. पोलादाच्या पट्ट्यांवर मी केसाहूनही पातळ असा सिरॅमिकचा थर चढवला होता. तो समुद्राच्या पाण्यात किती दिवस गंज अडवतो, ते बघायचं होतं. शेवटी सहा बरण्या घाटकोपरला घरी आणल्या, जुहूहून कॅनभर पाणी आणलं आणि सगळं गॅलरीत मांडलं.

"लोखंडाचं लोणचं घालायला शिकवतात का गं तिकडे?" आईने विचारलं.

आठवड्याने शेजारचे काका डोकावले. रिटायर झाल्यापासून त्यांना सगळ्यातच रस होता.

"आठ दिवस पाण्यात? आणि गंज नाही?"

मी फोनवर होते. नुसती मान हलवली. तेवढ्यावर काकांनी ठरवलं, की या पाण्याने गंज धरत नाही.

मी चार दिवस गाइडबरोबर बाहेरगावी गेले. परत येऊन बघते तर एका बरणीत काकांचं नेलकटर, दुसरीत कात्री, तिसरीत तळमजल्यावरच्या काकूंचं कुलूप.

"आई, हे काय?"

"काका म्हणाले, तू हो म्हणालीस. काकू तर रांगेत उभ्या होत्या."

नेलकटर तांबडंलाल झालं होतं. पाण्याचा चहा झाला होता. मी ते चिमट्यात धरून काकांकडे गेले.

"वाट लावलीस की गं! बाकीच्या बरण्यांतल्या पट्ट्या कशा चकचकीत?"

"काका, पाणीच गंजवतं. वाचवतो तो वरचा थर."

"मग आधी सांगायचं ना! थर लावून दे."

काकूंचं कुलूप किल्लीने उघडेना. त्यांनी माझ्यासमोर दोनदा प्रयत्न केला आणि दार लावून घेतलं. मला खरंच वाईट वाटलं.

लॅब उघडल्यावर मी घाबरत गाइडना सगळं सांगितलं. वाटलं, महिना फुकट गेला. त्यांनी तिन्ही बरण्यांतल्या पट्ट्या बाहेर काढल्या, वर बसलेला तांबडा गंज बोटाने पुसला. खाली पट्टी जशीच्या तशी.

"गंजक्या पाण्यातही टिकली. हे आपण कधी करून बघितलं नसतं," ते म्हणाले. मग वही पुढे ओढून विचारलं, "नेलकटर कुठल्या प्रतीचं होतं?"

संध्याकाळी घरी परतताना जिना चढून मी आधी काकांना विचारायला गेले.

"प्रत?" काका अभिमानाने म्हणाले, "लग्नातलं आहे."

दुसऱ्या दिवशी गाइडनी तसंच लिहून घेतलं.