गंज चढवणारे भावजी

नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून जिवाचं रान करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा दीर निघाला. बाकी जग जुन्याला रंग फासून नवं म्हणून खपवतं. आमचे लातूरचे भावजी नव्याकोऱ्या डब्याला गंज चढवतात, काजळी लावतात, वरून फुंकरीनं धूळ बसवतात, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "आत्ता कुठं डब्यासारखा डबा दिसून राहिला." डबा म्हणजे लाडवाचा नव्हे हो, मालगाडीचा. वीतभर लांब, चार बोटं उंच, आणि घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त लाडाचा.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी करून भावजी घरी बसले ते सरळ दिवाणखान्यातच बसले. सोफा गेला, त्या जागी प्लायवूड आलं, प्लायवूडवर रूळ आले. तेव्हापासून त्यांच्याकडं पाहुणा गेला की सतरंजीवर बसतो आणि मान वर करून मालगाडी बघतो. टाकीचे डबे ते नळाच्या पाइपाचे तुकडे कापून करतात, चाकं पोस्टानं मागवतात. एकदा हौसेनं तयार इंजिन आणलं. काय चकाकत होतं! मी कौतुकानं हात लावायला गेले तर भावजींनी खिशातून पॉलिशपेपर काढून त्याला घासायला सुरुवात केली. मी म्हटलं, "आवो भावजी, बिचाऱ्याला पाच मिनिटं तरी नवं राहू द्या." तर म्हणाले, "वहिनी, नवं इंजिन फक्त उद्घाटनाला असतंय. कामाला लागलं की त्याचं तोंड माझ्यासारखंच होतंय."

धुळीचं तर विचारूच नका. त्यांच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांत गावोगावची माती भरून ठेवलेली आहे. लोह्याची वेगळी, किल्लारीची वेगळी, शिरूर अनंतपाळची वेगळी, सगळी मलमलच्या फडक्यातून चाळलेली. माझ्या चुलत पुतणीच्या लग्नाला आम्ही सगळे जीपनं लातूरहून नांदेडला निघालो होतो. लोह्याच्या अलीकडं भावजींनी जीप थांबवली, नव्या धोतरासकट रस्त्याच्या कडेला बसले आणि पिशवीत माती भरू लागले. आत नवरीची मावशी घामाघूम होऊन बसलेली. ती म्हणाली, "काय हो, पूजेला पाहिजे का?" भावजी म्हणाले, "न्हाई, डब्याच्या बुडाला पाहिजे." त्या बाईनं लग्नभर त्यांच्याकडं पाठ करून जेवण केलं.

आता कुणी म्हणेल, शिरूर अनंतपाळला रेल्वे कुठं आहे? नाहीच. पण प्रत्येक निवडणुकीत एकदा येते आणि मतदान झालं की जाते. भावजींनी ती एकट्यानं कायमची आणली. प्लायवूडवर शिरूरला स्टेशन आहे, फलाट आहे, पिण्याच्या पाण्याचा नळसुद्धा आहे; आणि खरेपणा जपायचा म्हणून त्या नळाला पाणी नाही.

गाडी चालवतानाही खरेपणा सुटत नाही. एकदा आम्हा पाहुण्यांना चहाची साखर मालगाडीतून पाठवायची टूम निघाली. साखर स्वयंपाकघराच्या दारातून निघाली, प्लायवूडवरच्या लोहा स्टेशनात येऊन थांबली आणि थांबलीच. "सिग्नल न्हाई," भावजी म्हणाले. "पॅसेंजरला क्रॉसिंग हाय." ती पॅसेंजर अजून पेटीतून बाहेरही काढलेली नव्हती. आम्ही सगळ्यांनी बिनसाखरेचा गार चहा घेतला. आणि सिग्नल तरी कसले, तर जुने, हात वर-खाली होणारे. दिव्याच्या सिग्नलचा त्यांना भारी तिटकारा. "दिवा काय, आज हाय उद्या न्हाई. हात दिसला की समजलं," असं म्हणायचे. इतकं वेड, तर रेल्वेतच का नाही गेलात, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "बोलावणं आलं होतं. पण आईला सोडून कुठं जायचं? मीच नको म्हणालो." आम्ही सगळे त्यावर मान डोलवायचो. मातृभक्त दीर, म्हणून मीसुद्धा चार जणींत मिरवलेलं आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात तर यांनी कमालच केली. सगळं गाव स्टेशनाकडं डोळे लावून होतं ते टाकीतल्या पाण्यासाठी. भावजी रोज सायकल काढून जायचे ते टाकीच्या बाहेरचे ओघळ बघायला. वही उघडून कुठला डाग कुठून निघाला आणि कुठवर गेला ते काढून घ्यायचे. आणि घरी धाकटी दोन घागरी घेऊन टँकरच्या रांगेत.

धाकटी म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. मी तिला कायम धाकटीच म्हणत आले. साधी, बोलघेवडी, पण आमच्या घराण्यात तिची एक गोष्ट फार गाजलेली. बारा-तेरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर ती माहेरून आली, घर आवरायला काढलं, आणि भांड्यांबरोबर भावजींची अख्खी मालगाडी मोरीत घेऊन काथ्यानं घासून काढली. दोन महिने चढवलेला गंज एका सकाळी गेला! डबे लख्ख, भावजी काळेठिक्कर. अकरा दिवस बोलले नाहीत तिच्याशी. त्यानंतर कुठलंही लग्न असो, बारसं असो, ती गोष्ट निघायचीच. "हिला गंज आणि मळ यांतला फरक कळत नाही," असं म्हणून आम्ही पोट धरधरून हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मी. धाकटीही हसायची.

हल्ली लेकी माहेरी येत नाहीत, आयाच लेकींकडं बाळंतपणाला जातात. तशी धाकटी दिवाळीनंतर पुण्याला गेली आणि मला फोन केला, "अक्का, आठ दिवस लातूरला जाऊन राहा. ह्यांचं प्रदर्शन हाय, आणि हे नुसत्या चुरमुऱ्यांवर जगून राहिलेत." म्हणून मी नांदेडहून आले. गावच्या वाचनालयानं दरवर्षीच्या प्रदर्शनात यंदा भावजींना एक अख्खं टेबल दिलं होतं. त्यांनी त्यावर पाण्याची गाडी मांडायची ठरवलेलं, बारा टाक्यांची. उद्घाटनाला रेल्वेतून निवृत्त झालेले एक इंजिन ड्रायव्हर येणार होते. भावजींना झोप नव्हती. दाढी करताना मधेच थांबून म्हणायचे, "वहिनी, त्यो माणूस चाळीस वर्षं गाडीवर होता. त्याला खोटं लगेच कळतंय."

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी फडकं बाजूला करून मला बाराही डबे दाखवले. मी बघितलं आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ओघळ अगदी हुबेहूब, पापुद्रे सुटलेले, कडेला खरबरीत. पण गंज हिरवागार! जणू टाक्यांवर शेवाळ धरलं होतं. भावजी माझ्या तोंडाकडं बघत होते. "कसा हाय गंज?" मी म्हटलं, "बघतच राहावं असा आहे." आणि ते गड जिंकल्यासारखे आत गेले. मी गच्चीवर जाऊन फोन लावला.

"धाकटे, ह्या डब्यांना शेवाळ कशाला लावलंय गं भावजींनी?"

पलीकडं खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच, "किती डब्यांना, अक्का?"

"बाराच्या बारा."

"अरे देवा. बाटल्या धुतल्या वाटतं. माझ्या चिठ्ठ्या गेल्या."

मग तिनं सांगितलं. भावजी रंगाची सुटी पूड आणून डिंकाच्या पाण्यात घोटतात आणि बाटल्यांत भरतात. प्रत्येक बाटलीवर धाकटी चिठ्ठी लावायची: वीट, मेथी, हळद, काजळ. कारण भावजींना तांबडं आणि हिरवं वेगळं दिसतच नाही. कधीच दिसलेलं नाही. "रेल्वेच्या डॉक्टरनं त्याच्यावरच घरी धाडलं. लग्नाच्या चौथ्या दिवशी मला सांगितलं, आणि कुणाला बोलू नको म्हणाले. आईसाठी नको म्हटलं म्हणून त्यांनीच सगळीकडं सांगितलेलं."

मला ते हाताचे सिग्नल आठवले. बाजारातून ते हिरवे टोमॅटो आणायचे आणि धाकटी घाईनं म्हणायची, "मीच सांगितले, चटणीला पाहिजेत." आणि मग मला ती दिवाळी आठवली.

"धाकटे, तू ते डबे घासले होतेस..."

"दोन महिने माहेरी होते ना, आईच्या आजारपणात. आले तर समदी गाडी मेथीच्या भाजीवानी. दुसऱ्या दिवशी तुम्ही पंधरा माणसं यायची. त्यांना कसं सांगू? घासून टाकले."

"आणि आम्ही तुला इतकी वर्षं येडी म्हणत आलो."

"म्हणू द्या की. माझं काय जातंय? त्यांना कुणी काय म्हणलं न्हाई ना?" मग एकदम काळजीनं, "अक्का, उद्घाटनाला त्यो रेल्वेवाला बघल आणि चारचौघांत इचारल, तुम्हाला रंग कळत न्हाई का म्हणून. बावीस वर्षांचे असताना एकदा इचारलं होतं. आता पुन्हा नको. तुम्ही चांगलं घासता ना?"

दुसऱ्या दिवशी भावजी टेबल बघायला वाचनालयात गेले आणि मी कोमट पाणी, साबण, काथ्या घेऊन मोरीत बसले. डिंकाचा रंग, लगेच सुटला. सात डबे झाले होते तेवढ्यात ते परत आले आणि दारातच उभे राहिले.

"वहिनी! हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"डबे घासून राहिले," मी म्हटलं. "किती मळले होते! असली घाण गाडी लोकांना दाखवायची का भावजी?"

त्यांनी घासलेला एक डबा उचलून उजेडात धरला. मग ते पाटावर बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "आमच्या आईनं सुना करताना डबे घासता येतात का, एवढंच बघितलं होतं का?"

मी उरलेले पाचही घासले. अर्धवट येडी बाई कुणाला पटत नाही.

दुपारी ते जेवले नाहीत. खोलीत जाऊन बसले. मी तेवढ्यात वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या आणि बाटल्यांना डकवल्या. माझी शाळा चौथीची, अक्षर कोंबडीच्या पायाचं. चहाच्या वेळेला भावजी बाहेर आले, फळीजवळ गेले, एक बाटली हातात घेतली. 'वीट'. ती त्यांनी ठेवली, दुसरी घेतली. 'मेथी'. मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

"धाकटीचा फोन झाला वाटतं," ते म्हणाले.

"हाव. बाळ चांगलं आहे म्हणत होती."

"हं."

ते पाट ओढून बसले. एक डबा, ब्रश, वीट. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, हिकडं बसा जरा. ओघळ मी काढतो, त्यात चूक न्हाई. रंग चुकला तर रंगाचं नाव घेऊ नका. नुसतं 'थांबा' म्हणा."

दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसले. चारदा थांबा म्हणाले असेन. एकदा 'थांबा'ऐवजी 'पॅसेंजर आली' म्हणाले, तर भावजी हसले.

उद्घाटनाला ते ड्रायव्हरसाहेब आले, पांढऱ्या मिशांचे. बाकीच्या टेबलांवरून भराभर पुढं सरकले आणि पाण्याच्या गाडीपाशी वाकले. एका टाकीवर बोट फिरवलं, मग बोटाला गंज लागला का ते बघितलं. मी पदर सावरत पुढं सरकले. ते म्हणाले, "साहेब, रेल्वेत कुठल्या खात्यात होता तुम्ही?"

भोवती पंचवीस-तीस माणसं. ठरलेलं उत्तर भावजींच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

"घेतलं न्हाई मला," ते म्हणाले. "डोळ्यांत नापास झालो. तांबडं-हिरवं दिसत न्हाई. गाडी माझी हाय, पण गंज आमच्या मंडळीचा. ती पुण्याला गेलीय, म्हणून ह्या वहिनी."

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरसाहेबांनी एकदा भावजींकडं बघितलं, एकदा डब्यांकडं, आणि टाकीच्या झाकणाची कडी अजून एक सूत वर पाहिजे, असं बारीक आवाजात सांगितलं. भावजींनी लगेच वही काढली. पुढचा तासभर दोघं कडीवरच बोलत होते.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन धाकटीला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं ती खुशीनं ओरडेल. पण ती आधी बाळाकडं वळली. मागं नातू रडत होता, त्याला थोपटल्याचा आवाज येत राहिला.

"चारचौघांत म्हणाले?" तिनं विचारलं.

"चारचौघांत."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि थोपटता थोपटता, "पण अक्का, मग आता येत्या दिवाळीला मी काय घासू?"